पाहुण्याने काय मागावे?

सेवाभावी क्लबच्या सभेची कार्यक्रमपत्रिका मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरात साधारण सारखीच असते. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, मग पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभारप्रदर्शन आणि भोजन. दिवसभर दुकान, दवाखाना, कोर्ट, कॉलेज सांभाळून आलेली माणसे संध्याकाळी तास-दीड तास एकत्र बसतात आणि त्यातला बराचसा वेळ समाजासाठी राबणाऱ्या कुणाचे तरी ऐकण्यात घालवतात. ही गोष्ट लहान नाही. स्वतःच्या खिशातून वर्गणी भरून, कुणाची सक्ती नसताना, दुसऱ्याच्या कामाबद्दल नियमाने ऐकून घेणाऱ्या संस्था आपल्या गावात किती आहेत ते मोजायला बसले, तर या क्लबांचे मोल कळते. म्हणूनच त्या ऐकण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पत्रिकेत दोन गोष्टींना जागाच नसते: पाहुण्याने क्लबकडे काय मागितले, आणि क्लबने त्याला काय उत्तर दिले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. समाजसेवेवर बोलायला बोलावलेल्या पाहुण्याने भाषणाच्या शेवटी एक नेमके मागणे सभेपुढे ठेवावे, आणि क्लबने महिनाभरात त्याला हो किंवा नाही असे स्पष्ट उत्तर द्यावे. असे मागणे नसेल, तर चांगल्यातले चांगले भाषणही टाळ्यांपाशी थांबते. ते असेल, तर साधे, अडखळत केलेले बोलणेही कामाला लागते. हे मत धाराशिव जिल्ह्यापुरते मांडतो आहे, कारण ते इथे सर्वांत चटकन पटावे. आठ तालुके आणि २०११च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांहून थोडी अधिक वस्ती असलेला हा जिल्हा २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून त्या यादीत गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव एवढेच चार जिल्हे होते. गरज मोठी आहे, हे सांगायला आणखी पुरावा नको. पण याच जिल्ह्यात वर्षानुवर्षे टिकून काम केलेल्या संस्थाही दाट आहेत. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली हॅलो मेडिकल फाउंडेशन आणि तिच्या गावोगावच्या ‘भारतवैद्य’ महिला आहेत. यमगरवाडीला पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने सुरू झालेला प्रकल्प आहे. हराळीला ज्ञानप्रबोधिनी आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण आवार आहे. क्लबला वक्ता शोधायला पुण्या-मुंबईकडे पाहावे लागत नाही. अडचण वक्त्यांची नाही. वक्त्याला आपण कशासाठी बोलावतो, हे आधी ठरत नाही, ही अडचण आहे.

सेवा क्लबांच्या इतिहासातले सर्वांत परिणामकारक भाषण कोणते, असे विचारले तर माझे उत्तर हेलन केलर हे आहे. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सीडर पॉइंट येथे लायन्सचे अधिवेशन भरले होते. लायन्स ही संघटना तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. मेल्विन जोन्स यांनी १९१७ साली ती सुरू केली होती आणि तिचे म्हणावे असे एक काम अजून ठरलेले नव्हते. दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या केलर तिथे पाहुण्या म्हणून आल्या. त्यांचे भाषण लहान होते आणि त्यात एक मागणी होती: अंधांसाठी चाललेले काम तुम्ही आपले माना, आणि टाळता येण्याजोगे अंधत्व नाहीसे करण्याच्या मोहिमेत उतरा. लायन्सनी ते मान्य केले. आज आपल्याकडे मोतीबिंदूची शिबिरे, नेत्रदानाचे फॉर्म, शाळेतली नेत्रतपासणी म्हटले की लायन्सचे नाव सहज तोंडात येते, त्याची मुळे त्या भाषणात आहेत. आणखी एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. केलर यांना त्या व्यासपीठावर बोलता आले, पण सभासद होता आले नसते. लायन्सनी स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९८७ साली, आणि रोटरीने त्याच वर्षीच्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १९८९ मध्ये. म्हणजे ज्या संघटनेत जिला बसायला जागा नव्हती, तिने त्या संघटनेला शतकभर पुरेल असे काम दिले. पाहुणा आपल्या वर्तुळाबाहेरचा असतो, हेच त्याचे बळ असते. आपल्यातल्याच माणसाला आपण बोलावले तर तो आपल्याला माहीत असलेलेच मागेल.

मागण्याची ही रीत परकी आहे असेही नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत. गाव स्वच्छ होई आणि रात्री कीर्तन उभे राही. त्या कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत, आणि मग त्या उत्तराला त्यांना बांधून घेत: पोराला शाळेत घाल, दारू सोड, कर्ज काढून सण करू नको. पंढरपूर-नाशिकच्या धर्मशाळा या मागण्यातून उभ्या राहिल्या. (गाडगेबाबांचा जन्मदिवस २३ फेब्रुवारी, आणि पॉल हॅरिस यांनी शिकागोत रोटरीची पहिली बैठक घेतली तीही १९०५ सालच्या २३ फेब्रुवारीलाच. क्लबांनी हा दिवस एकत्र साजरा करायला हरकत नाही.) आणि विनोबांचे पाहा. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांना सांगितले की आम्हाला कसायला ८० एकर जमीन हवी. विनोबांनी तो आकडा जसाच्या तसा सभेपुढे ठेवला. रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि १०० एकर देतो म्हणाले. पोचमपल्ली तेव्हाच्या हैदराबाद राज्यात होते आणि आपला जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता, म्हणून ही गोष्ट इथल्या माणसाला लांबची वाटू नये. त्या दिवशी विनोबांनी जमिनीच्या प्रश्नावर नुसते प्रवचन केले असते तर? मागणारे समोर होते, मागणे आकड्यात होते, आणि देणाऱ्याला उठून उभे राहायला जागा होती. भूदानाचा पुढचा इतिहास दुसरा धडा देतो. पुढे लाखो एकर जमीन जाहीर झाली, पण तिच्यातला मोठा भाग प्रत्यक्षात वाटलाच गेला नाही. कुठे जमीन नापीक निघाली, कुठे खटल्यात अडकली, कुठे कागदच झाले नाहीत. सभेत हो म्हणणे हा अर्धा व्यवहार असतो. उरलेला अर्धा तलाठ्याच्या दप्तरात होतो. क्लबच्या उत्तराला तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव हवे, असे मी म्हणतो ते यासाठी.

रोटरीचे पोलिओचे काम हे याच तत्त्वाचे सर्वांत मोठे उदाहरण. १९८५ साली रोटरीने जगातून पोलिओ हटवण्याचा संकल्प केला. भारतात शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. सरकारी यंत्रणा, आशा-अंगणवाडीच्या बाया, जागतिक आरोग्य संघटना या सगळ्यांचा तो विजय आहे. पण गावोगावच्या रोटरीयनांनी त्यात वर्षानुवर्षे रविवार घातले, हेही खरे. ते का घालता आले? मागणे मोजता येण्याजोगे होते म्हणून. पाच वर्षांखालचे मूल, दोन थेंब, आणि डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. बूथवर बसलेल्या कापड दुकानदाराला किंवा प्राध्यापकाला साथरोगशास्त्र कळण्याची गरज नव्हती. संध्याकाळी किती करंगळ्या झाल्या आणि किती राहिल्या, हे त्याला समजत होते. ‘आरोग्याविषयी जागृती करा’ एवढेच सांगितले असते, तर तोच माणूस दोन वर्षांत कंटाळला असता, आणि त्याचा त्यात दोष नसता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. १९९३ च्या भूकंपानंतर आली तेवढी मोठी सेवा इथे दुसऱ्या कुठल्या प्रसंगी आली नाही आणि कुणाचे ऐकायचे हा प्रश्नही इतका उघडा पडला नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातली गावे कोसळली. किल्लारीचे नाव देशभर झाले. आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर, उमरग्याचा परिसर यांनीही तेवढेच सोसले. मृतांची संख्या दहा हजारांच्या आसपास गेली. मारले ते माळवदाच्या घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर लाकडावर पसरलेला, दर पावसाळ्याआधी नव्या मातीने वाढत गेलेला मातीचा थर, असे ते बांधकाम. उन्हाळ्यात गार राहणारे ते छत त्या पहाटे अंगावर आले. त्यानंतर मदतीचा ओघ सुरू झाला तो सगळ्या महाराष्ट्रातून आणि देशाबाहेरूनही. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. क्लब, न्यास, वृत्तपत्रे, कारखाने, देवस्थाने यांनी गावे दत्तक घेतली.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि त्यातली बरीच गावे देणगीदारांनी बांधली. त्या देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्या हिवाळ्यात त्यांनी उभे केलेले छप्पर हे फार मोठे काम होते. पण नव्या गावांचे आराखडे बहुतेक वेळा गावाला न विचारता आले. सरळ रेषेत ओळीने घरे, रुंद रस्ते, गावठाण जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरलेले. जुन्या वस्तीत दारासमोर अंगण होते, गुरांना गोठा होता, धान्याला बळद होते, शेजारी भावकी होती. नव्या घरात बैल कुठे बांधायचा, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडलाच नव्हता. पुढच्या वर्षांत लोकांनी त्या घरांना पत्र्याचे आडोसे जोडले, भिंती घातल्या, जोते वाढवले. दान मिळाले होते. मागणे ऐकले गेले नव्हते. या पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हा मुद्दा पुन्हापुन्हा नोंदवला आहे.

याच पुनर्वसनाचा दुसरा भाग मात्र वेगळ्या वाटेने गेला. जिथे गाव हलवायचे नव्हते, घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती, अशी सुमारे १,३०० गावे होती आणि घरे दोन लाखांच्या घरात. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या या कार्यक्रमात पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळणार होते आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे होते. इथे प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. सरकार काय देते, कुठल्या हप्त्याला कोणता कागद लागतो, भिंतीत आरपार जाणारे दगड का घालायचे, दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा का हवा, हे त्यांनी घरोघर आणि गावसभेत सांगितले. आणि गावाची अडचण उलट दिशेने अभियंत्यापर्यंत नेली. घराबाहेर पडून चारचौघांत बोलण्याची सवय नसलेल्या बायकांनी हे केले. त्यांच्याकडे देण्यासारखे काही नव्हते. त्यांच्याकडे नेमके प्रश्न होते आणि उत्तर आणून देण्याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली होती. या बायकांच्या बचतगटांतून पुढे एकेका एकरावरच्या शेतीचे प्रयोग निघाले, आणि २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला, २००४ साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा आपल्या भागातल्या या बायका तिथल्या बायकांशी बोलायला गेल्या. सेवा क्लबने पाहुणा कसा निवडावा, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. ज्याने स्वतः ते भोगून पार केले आहे आणि ज्याला पुढच्याकडून काय हवे ते ठाऊक आहे, असा माणूस.

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो दुष्ट नाही. खेड्यातली कार्यकर्ती अर्धा तास बोलू शकेल का? क्लबच्या सभासदांना चांगले ऐकण्याची सवय असते, सभा पडली तर पुढच्या वेळी उपस्थिती घटते. याला एक उत्तर भूमच्या शेजारच्या जामखेडात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तिथे गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यातल्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनमध्ये आरोग्य तज्ज्ञांच्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर असे असतात, सुंदर आणि महाग; आणि मग पिशवीतून वातीचे छोटे दिवे काढून सांगितले की मी अशी आहे, माझ्यापासून दुसरा दिवा लावता येतो. जगभरच्या डॉक्टरांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी बांगड्या विकण्यापासून सुरुवात करून कोंबडीपालन, शेळीपालनाचे जाळे उभे केले, आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार घेतला. गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे दुष्काळातल्या शेतीविषयी देशोदेशीच्या व्यासपीठांवर बोलल्या आहेत. या बाया जगापुढे बोलू शकतात आणि त्यांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचा क्लब त्यांना फक्त ८ मार्चला सत्कारासाठी बोलावतो, हे बदलायला हवे. ज्यांना सलग अर्धा तास बोलणे जमत नाही त्यांच्यासाठी क्लबमधल्या एखाद्याने प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उत्तरे द्यावीत. दहा मिनिटेही पुरतात. वक्तृत्व हा निकष धरला तर आपण आपल्याच जिल्ह्यातल्या तेरची परंपराच विसरलो असे होईल. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली, यांतले कच्चे कोण असे मुक्ताईने विचारले तेव्हा गोरोबांनी मडकी थापटायचे थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले, आणि कच्चे ठरले ते नामदेव. सर्वांत नावाजलेल्या कीर्तनकाराची परीक्षा तेरच्या एका कुंभाराने, आपल्या धंद्याच्या हत्याराने, सगळ्यांसमोर घेतली, असे ही कथा सांगते. जिल्ह्याच्या मातीतच हा अधिकार आहे. काम करणाऱ्याने बोलणाऱ्याला तपासावे.

दुसरा आक्षेप ऐपतीचा. धाराशिव, उमरगा, कळंबचा क्लब म्हणजे पुण्याचा क्लब नव्हे. दुष्काळी भागातल्या व्यापाऱ्याचा धंदा शेतकऱ्याच्या खिशावर चालतो. पाऊस गेला की दुकानाची उधारी वाढते. दर महिन्याला पाहुणा येणार आणि मागणार, तर देणार कुठून? हा आक्षेप मागणे म्हणजे पैसे, असे धरून चालतो. रोटरीची मूळ रचना आठवा. प्रत्येक व्यवसायातला माणूस घ्यायचा, म्हणजे क्लब हा शहरातल्या कौशल्यांचा संच होतो. सनदी लेखापाल, वकील, बालरोगतज्ज्ञ, सिव्हिल इंजिनियर, औषध दुकानदार, कृषी सेवा केंद्रवाला, छापखानेवाला, हॉटेलवाला, बँकेतला निवृत्त अधिकारी. आता बचतगट चालवणाऱ्या बाईला काय लागते ते पाहा. पापड-लोणच्याला अन्न सुरक्षेची नोंदणी, पाकिटावर काय छापायचे त्याची माहिती, बँकेच्या कर्जाचा प्रस्ताव, जीएसटी लागतो की नाही याचे उत्तर, आणि वर्षाचा हिशेब. यासाठी ती तालुक्याला चार खेपा घालते, मजुरी बुडते, मधला माणूस पैसे खातो. क्लबमधल्या एका लेखापालाने महिन्यातला एक शनिवार दुपारचा वेळ दिला तर दहा गटांचे दप्तर सरळ होते. ही मदत फोटोत दिसत नाही, तिचा फलक लावता येत नाही. म्हणूनच ती सुचत नाही, मागितल्याशिवाय तर नाहीच. दप्तरे, वह्या, शिलाई यंत्रे, बाकडी वाटण्याला मी कमी लेखत नाही. पण ज्याला ती द्यायची त्याला विचारले, तर तो बरेचदा दुसरेच काही सांगतो: शाळेला दिलेला पाण्याचा फिल्टर आहे, त्याची मेणबत्ती बदलायला माणूस नाही. नवा फिल्टर देणारे पुष्कळ मिळतात. जुन्याची देखभाल कुणी पत्करत नाही. शिकागोच्या पहिल्या रोटरी क्लबने १९०७ साली हाती घेतलेले पहिले लोकोपयोगी काम सार्वजनिक शौचालयाचे होते, हे इथे सांगायला हवे. शहराला तेव्हा त्याची निकड होती, म्हणून प्रतिष्ठित व्यावसायिकांना त्या कामात कमीपणा वाटला नाही.

तिसरा आक्षेप मनाचा आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. काही ज्येष्ठ सभासद म्हणतात की पाहुण्याला मागायला लावणे म्हणजे त्याला याचक करणे. आणि शिवाय सगळेच मोजायचे का? एखादे भाषण ऐकून कुणी तरुण दहा वर्षांनी स्वतःचे दवाखान्याचे दार गरिबांसाठी उघडतो, ते कुठल्या वहीत येणार? दुसऱ्या भागाशी मी सहमत आहे. प्रेरणा संथपणे काम करते आणि तिचा हिशेब लागत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला निव्वळ ऐकण्यासाठीच आहे, आणि तिने महाराष्ट्राची मने घडवली. पण व्याख्यानमालेचे काम विचार देणे हे आहे. सेवा क्लबने आपल्या नावात सेवा घेतली आहे. त्याने तेवढ्यावर थांबू नये. नेमके मागणे प्रेरणेच्या आड येत नाही. ते तिला पाय ठेवायला जागा देते. भारावलेला माणूस घरी जाताना आपण काय करू शकतो या विचारात असतो, आणि उत्तर सापडले नाही तर दोन दिवसांत ते भारावणे विरते. राहिला याचक होण्याचा मुद्दा. मागणारा खाली बसतो आणि देणारा वर, असे आपण मानले तरच तो उरतो. यमगरवाडीची शाळा चालवणारा माणूस जेव्हा म्हणेल की आमच्या पोरांच्या जातीच्या दाखल्यांसाठी एक वकील द्या, तेव्हा तो स्वतःसाठी काही मागत नसतो. जिल्ह्याने करायचे काम तो एकटा करतो आहे आणि त्यातला वाटा उचला म्हणतो आहे. शाल-श्रीफळापेक्षा हा मान मोठा आहे. क्लबला नाही म्हणण्याचाही पूर्ण हक्क आहे. ‘हे आमच्याकडून होणार नाही’ असे महिनाभरात लिहून कळवणे म्हणजे त्या माणसाला दुसरे दार वाजवायला मोकळे करणे होय. ‘बघू, नक्की काहीतरी करू’ या वाक्याने कार्यकर्त्यांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे नकाराने केलेले नाही.

हे काम सरकारचे आहे, क्लब कुठे पुरे पडणार, असेही म्हटले जाते. सरकारचे आहेच. पण योजनेचा कागद आणि योजनेचा माणूस यांच्यामध्ये जी दरी असते, ती बहुधा पैशाची नसते. माहितीची, अर्जाची, पाठपुराव्याची असते. भूकंपानंतर संवाद सहायकांनी नेमकी ती भरली. क्लबमधले वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी हे जिल्हा परिषदेच्या दारात सहज जाऊ शकतात. गावातल्या बाईला तिथे दिवस मोडावा लागतो.

खरी अडचण क्लबच्या रचनेतच आहे. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते, नवा अध्यक्ष, नवे सचिव, नवे घोषवाक्य. जुन्या वर्षातला शब्द नव्या मंडळाला बांधत नाही. जानेवारीत आलेल्या पाहुण्याला दिलेले आश्वासन जूनअखेर पुरे झाले नाही तर ते हवेत जाते. यावर उपाय साधा आहे: मागण्यांची एक वही, तीत मागणे, उत्तर, जबाबदार सभासद आणि तारीख, आणि पदग्रहणाच्या दिवशी गळ्यातल्या पदकासोबत ती वहीही मावळत्या अध्यक्षाने नव्या अध्यक्षाच्या हाती द्यावी. सभेच्या सुरुवातीला पाच मिनिटे त्या वहीतल्या जुन्या मागण्यांना द्यावीत. २०१६ पासून रोटरीने क्लबना आठवड्याऐवजी महिन्यात किमान दोनदा भेटण्याची मुभा दिली आहे, म्हणजे वर्षाला वीस-पंचवीस सभा. त्यातल्या सहा जरी मागण्याच्या सभा ठरल्या तरी पुष्कळ झाले. बाकी सभांत गाणे, प्रवासवर्णने, शेअरबाजार सगळे खुशाल असावे. माणसे एकमेकांच्या सहवासासाठीही येतात आणि यायलाच हवीत.

त्या सहा सभांच्या तारखा ठरवताना जिल्ह्याचे पंचांग पाहावे लागेल. कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर सोलापूरकडून हजारो लोक चालत येतात. त्यांच्या पायांच्या फोडांविषयी, प्रथमोपचाराविषयी आणि रस्त्यावर पडणाऱ्या कचऱ्याविषयी बोलायचे तर बोलणारा श्रावणात हवा. २०२५च्या सप्टेंबरात भूम-परांड्याच्या शिवारांत पुराचे पाणी शिरले तेव्हा मदत गोळा करणारे हात खूप होते, कुठल्या वस्तीला काय हवे हे सांगणारे ओळखीचे माणूस फार थोड्यांकडे होते. ती ओळख पावसाळ्याआधीच्या सभेत व्हायला हवी. आणि सर्वांत मोठी तारीख ऊसतोडीची. बालाघाटाच्या पट्ट्यातल्या गावांतून टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल त्याआधीच हातात पडलेली आणि खर्चही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्यामागे मुले जातात, किंवा आजीपाशी राहतात. राहिलेल्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची, दोन्ही वेळच्या जेवणाची सरकारी योजना आहे. पण कोणती मुले राहणार त्याची यादी, पालकांची संमती, स्वयंपाक करणारी बाई, पहिले बिल निघेपर्यंतचा किराणा, मुलींना रात्री सोबत, हे सगळे टोळी निघण्याआधी जुळले तरच मूल गावात राहते. एकदा गाडीत बसलेले मूल शाळेत परत येते ते उन्हाळ्यात. या विषयावर जानेवारीत ठेवलेले व्याख्यान कितीही हृदयस्पर्शी झाले तरी त्या वर्षीच्या एकाही मुलाच्या कामाचे नसते. एखाद्या गावच्या मुख्याध्यापिकेने ऑगस्टमध्ये क्लबपुढे उभे राहून सांगावे की माझ्या शाळेतली एवढी मुले जाण्याच्या बेतात आहेत, मला दोन महिन्यांचा किराणा उधारीवर देणारा दुकानदार हवा आणि दर पंधरवड्याला येणारी एक डॉक्टर हवी. किराणा दुकानदार आणि डॉक्टर दोघेही त्या सभेत बसलेले असतात. तिचे नाव मात्र जूनमध्येच, नवे मंडळ वर्षभराच्या वक्त्यांची यादी करायला बसते तेव्हा, त्या यादीत गेलेले हवे, आणि नावापुढची तारीख पोळ्याच्या आधीची हवी.